रोज टायमिंग काढण्याचा सोस

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांना वाशिम जिल्ह्यात एक सल्ला हमखास मिळतो. कारंजा असो, रिसोड असो की मानोरा, शब्द थोडेफार बदलतात, मतलब तोच: सोळाशे काढायचं तर रोज सोळाशे पळा, आणि पळायचं ते जीव तोडून. हळू पळणाऱ्याला हळूच पळायची सवय लागते. स्पीड गेली की ग्राउंड गेलं. म्हणून पहाटे मैदानावर वॉर्मअपचे दोन राउंड, मग शिट्टी, मग चार राउंड फुल्ल, आणि संपलं की सरांच्या हातातल्या स्टॉपवॉचवर झुंबड. सोमवार ते शनिवार हेच. हा सल्ला देणारे काही वाईट हेतूनं देत नाहीत. पोरांच्या अंगावर वर्दी यावी हीच त्यांची तळमळ असते. पण सल्ला चुकीचा आहे, आणि नुसता अपुरा नाही तर उलटा आहे. सोळाशे मीटर ही मुख्यतः दमाची धाव आहे. दम रोजच्या जिवावरच्या पळण्यानं वाढत नाही, तो बहुतांशी सावकाश पळण्यानं वाढतो. वेगाचं काम त्यावर मोजून आणि वेळ पाहून करायचं असतं.

आधी या धावेवर काय पणाला लागलेलं असतं ते पाहू. शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी वाटणी तीच. निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखीचं दार बंद, आणि मिळालेले गुण शेवटच्या गुणवत्ता यादीत लेखीच्या गुणांत मिळवले जातात. पैकीच्या पैकी गुणांसाठी मुलांना ५ मिनिटं १० सेकंद आणि मुलींना २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत यावं लागतं. आता साधा हिशेब करा. ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद, चार राउंडांत वाटले तर प्रत्येक राउंडला साडेसत्याहत्तर सेकंद. तयारीतल्या कुठल्याही धडधाकट पोराला एकच राउंड पळायला सांगा, तो सत्तरच्या आत-बाहेर सहज येईल. म्हणजे हवा त्यापेक्षा जास्त वेग त्याच्या पायांत आजच आहे. तरी त्याचं टायमिंग साडेपाच मिनिटांवर का अडतं? राउंड वेगवेगळे मोजले की कळतं. पहिला ७०, दुसरा ७९, तिसरा ८९, चौथा कसाबसा ९२: बेरीज ३३०. वेग कमी पडला असता तर पहिलाच राउंड हळू आला असता. कमी पडतं ते पुढचं. तिसऱ्या राउंडला छाती भरते, हात वर चढतात, खांदे आखडतात, पाऊल जड पडतं. ज्या पोराजवळ वेग आहे आणि दम नाही, त्याच्याकडून रोज आणखी वेग मागणं हे रोगाचं निदान न करता औषध दुप्पट करण्यासारखं आहे.

सोळाशेत दमाचा वाटा किती, हा अंदाजपंचे सांगायचा विषय राहिलेला नाही. स्पेन्सर आणि गॅस्टिन या संशोधकांनी २००१ मध्ये कसलेल्या धावपटूंवर मोजमाप करून दाखवलं की ४०० मीटर पळताना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ४३ टक्के ऊर्जा श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनच्या जोरावर तयार होते. ८०० मीटरला हा वाटा ६६ टक्के, आणि १५०० मीटरला ८४ टक्के. हे धावपटू पंधराशे चार मिनिटांच्या आसपास पळणारे होते. धाव जितकी लांबते तितका ऑक्सिजनचा वाटा वाढतो, हे त्याच आकड्यांतून दिसतं. तेव्हा आपल्या पोराला सोळाशेला सव्वापाच-साडेपाच मिनिटं लागत असतील तर त्याचा हिशेब ८४ च्या वरच जाणार. मुलींच्या आठशेचंही तसंच. पावणेतीन-तीन मिनिटांची आठशेची धाव कसलेल्या धावपटूच्या दोन मिनिटांच्या धावेपेक्षा दमाकडे जास्त झुकलेली असते. मग तयारीचा सगळा वेळ उरलेल्या पंधरा-सोळा टक्क्यांवर का घालवायचा, याचं उत्तर रोज फुल्ल मारायला लावणाऱ्यांनी द्यायला हवं.

सावकाश पळण्यानं शरीरात होतं तरी काय? रक्तातल्या पाण्याचं प्रमाण वाढतं आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. आणि स्नायूंच्या पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, मायटोकॉन्ड्रिया, संख्येनं आणि आकारानं वाढतात. हे शेवटचं अमेरिकी संशोधक जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना पट्ट्यावर पळवून दाखवलं होतं. या बदलांना आठवडे आणि महिने लागतात, आणि ते पळण्याच्या एकूण वेळेवर बरेच अवलंबून असतात. जिवाच्या आकांतानं माणूस दिवसाला पाच-सहा मिनिटंच पळू शकतो. सावकाश पळून तो पन्नास मिनिटं पळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळू शकतो. सगळी मेख इथेच आहे. सावकाश म्हणजे किती, तर शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं. साडेपाच मिनिटांत सोळाशे काढणाऱ्याला किलोमीटरला साडेपाच ते सहा मिनिटं म्हणजे सुरुवातीला लाज वाटण्याइतकं हळू, आणि ती लाजच बहुतेकांना मारते. वाशिममध्ये घड्याळापेक्षा श्वासावर भरवसा ठेवायला आणखी एक कारण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि सकाळचे आठ वाजले की डांबर तापायला लागतं. उन्हात रक्ताचा मोठा वाटा कातडी थंड ठेवण्यात खर्च होतो, नाडी वर जाते, आणि डिसेंबरात जी चाल सावकाश होती तीच मे महिन्यात दमवणारी ठरते. घड्याळ बघून पळणारा अशा वेळी नकळत रोजच शर्यत पळत असतो.

रोजच्या फुल्ल स्पीडनं नुकसान होतं ते दोन अंगांनी. पहिलं उघड आहे: नडगी. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो आणि वेग वाढला की तो वाढतो. हाड या भाराला मजबुतीनं उत्तर देतं, पण सवडीनं. आधी जुना भाग झिजवतं, मग नवा भरतं, आणि मधल्या आठवड्यांत ते कमजोर असतं. नेमक्या त्याच आठवड्यांत नवख्या पोराला रोज डांबरी रस्त्यावर स्पीड मारायला लावली की नडगी दुखू लागते, मग गरम पट्टी, मग गोळी, मग तशीच धाव, आणि शेवटी हाडाला बारीक तडा. दुसरं नुकसान लपून राहतं. रोज फुल्ल पळायला सांगितलं म्हणून कुणी खरोखर रोज फुल्ल पळू शकत नाही. मंगळवारी पाय जड असतात, बुधवारी त्याहून जड, आणि गुरुवारपर्यंत जे चालतं ते ना धड वेगाचं ना धड दमाचं. धाप लागते पण टायमिंग येत नाही. थकवा पूर्ण येतो, फायदा अर्धाही नाही. धावण्याच्या शास्त्रात सगळ्यात महाग चाल ही मधली चाल आहे. स्पेनमध्ये एस्तेवे-लानाओ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे फार बोलका आहे. धावपटूंचे दोन गट, पाच महिन्यांचा सराव. अगदी जोराच्या पळण्याचा वाटा दोन्ही गटांत सारखाच, सुमारे ८ टक्के. फरक एवढाच की एका गटानं ८० टक्के वेळ सावकाश आणि १२ टक्के मधल्या चालीनं घालवला, दुसऱ्यानं ६७ टक्के सावकाश आणि २५ टक्के मधल्या चालीनं. शेवटी सुमारे १० किलोमीटरच्या धावेत पहिल्या गटाची सुधारणा जास्त निघाली. धावपटू मोजकेच होते हे मान्य. पण नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांनी वेगवेगळ्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या तेव्हा सावकाश सरावाचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपासच सापडला. रोज टायमिंग काढणं म्हणजे पेरलेलं सोयाबीन रोज उकरून बघणं. उगवायचं असेल तेही त्यानं उगवत नाही.

महाराष्ट्राच्याच धावपटूंकडे बघा. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी मॅरेथॉनची धावपटू होती; मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं ती पहिली आली. त्यानंतर ती तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे कितीतरी लहान आणि वेगवान शर्यतीकडे वळली आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली. २०१६ मध्ये रिओला तिनं पात्रता फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला स्टीपलचेसचं राष्ट्रकुल रौप्य घेऊन आला. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. याच साबळेनं २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला होता. न्यूझीलंडचा पीटर स्नेल तर आठशे मीटरचा राजा. १९६० आणि १९६४ अशा दोन्ही ऑलिंपिकांत त्यानं हे सुवर्ण जिंकलं. त्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड त्याला मोसमाआधी आठवड्याला शंभर मैलांच्या घरात पळवायचे, रविवारी बावीस मैलांची चढउतारांची फेरी असायची. डिसेंबर १९६१ मध्ये तो पूर्ण मॅरेथॉन पळला आणि पुढच्या दोन महिन्यांच्या आत त्यानं मैलाचा आणि आठशे मीटरचा असे दोन्ही जागतिक विक्रम मोडले, तेही गवताच्या ट्रॅकवर. सिंथेटिक ट्रॅक नाही म्हणून आपलं अडतं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अर्थात नावांनी सिद्ध काही होत नाही. मुळातच दमदार माणूस लांब पळण्याकडे वळतो, असंही म्हणता येईल. पण लांब, सावकाश पळून स्पीड मरते हा जो आरोप आहे, तो खोडायला ही नावं पुरेशी आहेत.

यावर जाणकारांचा आक्षेप असा की रॉजर बॅनिस्टरनं १९५४ मध्ये मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत काढला तो जेवणाच्या सुट्टीत ४४० यार्डांचे वेगवान राउंड मारूनच ना? खरं आहे. पण त्याआधी तो सात-आठ वर्षं पळत होता, ते राउंड एका बैठकीत दहा, मध्ये विश्रांती घेऊन, आणि विक्रमाच्या आधीचे काही दिवस त्यानं पळणं जवळजवळ बंदच ठेवलं होतं. रोज टायमिंग काढण्याला यातून पाठिंबा मिळत नाही. याहून वजनदार आक्षेप प्रयोगशाळेतून येतो. जपानच्या इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये दाखवलं की वीस सेकंद जोर आणि दहा सेकंद विश्रांती अशा काही मिनिटांच्या सरावानंही सहा आठवड्यांत दम वाढतो. नॉर्वेच्या हेल्गेरुड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चार-चार मिनिटांच्या चार जोरदार धावांचा गट सावकाश पळणाऱ्या गटापेक्षा आठ आठवड्यांत पुढे गेल्याचं दाखवलं. हे दोन्ही निष्कर्ष मला मान्य आहेत. जोरानं पळण्यानं दम वाढतोच. ते काढून टाका असं मी म्हणतच नाही. पण ताबातांचा प्रयोग जागेवरच्या सायकलवर होता, तिथे नडगीवर आपटणं नाही. हेल्गेरुड यांच्या गटानं जोराचं काम आठवड्यातून तीनदा केलं, सहादा नाही. आणि दोन्ही प्रयोग दोन महिन्यांतच संपले. भरतीच्या तयारीत पोरं वर्ष-दीड वर्ष, कधी दोन-तीन भरत्या घालवतात. दोन महिन्यांत जे फळ येतं ते पुढेही तसंच येत राहील असं हे प्रयोग सांगत नाहीत, आणि टायमिंग अडकलं की पोरं आणखी जोर लावतात.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो बिनतोड वाटतो: मैदानात १०० मीटरलाही १५ गुण आहेत, हळू पळून ते कुठून येणार? हळू पळून येणार नाहीतच. पण १०० मीटरचा वेग सोळाशे फुल्ल मारूनही येत नाही. तो येतो साठ-ऐंशी मीटरच्या ताज्या पायांनी मारलेल्या धावांतून, ज्यांच्यामध्ये तीन-चार मिनिटांची पूर्ण विश्रांती असते. अशा सहा धावा आठवड्यातून दोनदा मारल्या तर त्या सावकाश पळण्याच्या आड येत नाहीत, कारण त्यात धापही फारशी लागत नाही आणि थकवाही साचत नाही. गंमत अशी की या खऱ्या स्प्रिंटचं सगळ्यात मोठं नुकसान रोजचा सोळाशेच करतो: थकलेल्या पायांनी कुणाची शंभर मीटरची धाव सुधारत नाही. वेगाचे कैवारी म्हणवणाऱ्यांच्या हातून मरतो तो वेगच.

जाहिरात आली की तीन महिनेच मिळतात, तेवढ्यात पाया कुठे घालणार, हाही प्रश्न विचारला जातो. तारखांवर भरवसा नाही हे खरंच आहे. एका भरतीची मैदानी चाचणी जानेवारी २०२३ मध्ये झाली, पुढचीची १९ जून २०२४ ला, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, सुरू झाली आणि पावसानं कित्येक ठिकाणी दिवस पुढे ढकलावे लागले. पण हीच तर दमाच्या बाजूची साक्ष आहे. वेगाची धार लवकर चढते आणि लवकर बोथट होते. ती महिनाभर आधी आली आणि चाचणी पुढे गेली तर ऐन दिवशी पोरगा उतरणीला लागलेला असतो. महिनोन्‌महिने कमावलेला दम मात्र चाचणी तीन आठवडे पुढे गेली म्हणून लगेच जात नाही. ज्यांना बाराच आठवडे मिळतात त्यांनीही पहिले सहा-सात बहुतांशी सावकाश पळण्यात घालवावेत. आणि ज्याला दिवसा सोयाबीन सोंगायला किंवा तूर काढायला जायचं आहे त्यानं तर नक्कीच: अंगमेहनतीच्या दिवशी शरीरावर दुसरी मारामारी लादण्यात शहाणपण नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही दोन हात करायला हवेत. रोज एकाच चालीनं दहा किलोमीटर पळवून आणणारेही आहेत, आणि त्यांची पोरं सोळाशेच्या पहिल्या राउंडलाच मागे पडतात, कारण साडेसत्याहत्तरची चाल पायांनी कधी अनुभवलेलीच नसते. म्हणून शेवटच्या सात-आठ आठवड्यांत आठवड्यातून एकदा सहा ते आठ वेळा ४०० मीटर, हव्या त्याच चालीनं, मध्ये दोन मिनिटं चालत. आणि एकदा वीस मिनिटं दोन-चार शब्दच बोलता येतील अशा चालीनं, ही मधली चाल एवढीच आणि मुद्दाम ठरवून. उरलेले चार दिवस चाळीस-पन्नास मिनिटं सावकाश, त्यातल्या दोन दिवशी शेवटी वर सांगितलेल्या सहा छोट्या धावा. शेताकडची कच्ची वाट मिळाली तर डांबरापेक्षा बरी, फक्त पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोनं चिकटते तेव्हा तो हट्ट सोडावा. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट टायमिंगच्याही आधी यायला हवी. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं आहे. ऑक्सिजन वाहणारं रक्तच कमी असेल तर आठशेला दम कुठून पुरणार? 'ही आळशी आहे' असं ठरवण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावं. त्याला पैसा लागत नाही.

शेवटचा अडथळा शास्त्राचा नाही, धंद्याचा आहे. फी भरलेल्या पोराला पन्नास मिनिटं गप्पा मारत पळवलं तर बापाला वाटतं पैसे पाण्यात गेले. घामानं निथळणारा, मैदानाच्या कडेला ओकणारा पोरगा दिसला की शिकवणी दणक्यात चालली असं वाटतं. शेजारच्या अकॅडमीत रोज टायमिंग निघतं, मग आपल्याकडे का नाही, असं पोरंही विचारतात. या दडपणाला प्रशिक्षक बळी पडतात हे समजू शकतं. त्यावर उपाय स्टॉपवॉच फेकून देणं हा नाही, ते वेगळ्या रीतीनं वापरणं हा आहे. तीन आठवड्यांतून एकदाच पूर्ण सोळाशे, ताज्या पायांनी, आणि वहीत एका आकड्याऐवजी चार आकडे: प्रत्येक राउंडचा वेळ वेगळा. दुसऱ्या रकान्यात ठरलेल्या सावकाश चालीनं पाच किलोमीटर पळून झाल्यावर लगेच मोजलेली मिनिटाची नाडी. पहिला राउंड तोच राहून तिसरा ८९ वरून ८३ वर आला, आणि त्याच चालीला नाडी १६५ ऐवजी १५० लागू लागली, तर बापापुढे ठेवायला तेवढी वही पुरते. आणि सहा आठवडे फुल्ल मारूनही तिसरा राउंड जागचा हलला नाही, तर तीच वही प्रशिक्षकापुढेही ठेवता येते.